डोह्याच्या पुढच्या सिनेमाची तारीख

तारू,

तुझ्या तेरवीला लोकांनी माझं कौतुक केलं. पंगत बसली होती, वाढणं सुरू होतं, आणि तुझा मोठा साळा सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर होते म्हणून भाऊजी नागपूरपर्यंत तरी गेले. नाही तं ते कोनाचं ऐकत होते?" लोकांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घालून भातात आळं करत होतो. वाढणारा आला, आणखी वरण देऊ का म्हणाला, मी द्या म्हणालो. ते वरणही मी जेवलो.

तेव्हापासून राग डोक्यातून जात नाही. तुझ्या साळ्याचा नाही, त्याला काय माहीत. तुझा राग आहे आणि माझा आहे, आणि दोन्ही एकमेकांत असे कालवले गेलेत की कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. पन्नाशी उलटलेला माणूस आहे मी. सडक अर्जुनीच्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि एवढ्या वर्षांत मी कुणाशी मन मोकळं करून बोललो नाही. तुझ्याशीही नाही. तू बोलायचास, मी ऐकायचो. आता तू ऐक.

बाहेरच्यांना तू काय होतास हे समजावणं अवघड आहे. तू आपल्या गावच्या तलावाचा पाणकर होतास. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी जाईल हे तू ठरवायचास. तुझ्या बापाने, आज्याने तेच केलं. तलावाची पार, म्हणजे तो मातीचा लांब बांध, तुझ्याच पूर्वजांनी घातलेली, असं तू कुठल्याही पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगायचास. आणि दुसऱ्या दहा मिनिटांत डोह्याची गोष्ट काढायचास. पाहुणा बिचारा घाबरायचा. पन्नाशीचा माणूस, डोक्याला गमछा, हातात फावडं, आणि बोलतोय कशाबद्दल, तर बर्फाच्या सरोवरातून निघणाऱ्या सात मजली राक्षसाबद्दल.

डोह्या हे नाव तूच ठेवलंस. सिनेमाच्या कंपनीने ठेवलेलं नाव आपल्या गावात कुणाच्या जिभेला वळलं नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, दुपारच्या वेळी, धानगिरणीच्या गोदामात खिडक्यांना ताडपत्र्या लावून व्हिडिओ दाखवला होता. आपण अकरावीला. सिनेमा इंग्रजी. म्हणून मला टीव्हीच्या अगदी पुढे बसवलेलं, मी अर्थ तुझ्या कानात सांगायचा आणि तू उभा राहून तो आपल्या बोलीत सगळ्या गोदामाला ऐकवायचा. मला तेव्हा चार वाक्यांतलं एक समजत होतं. बाकीची तीन मी बनवत होतो. शेवटी तो म्हातारा शास्त्रज्ञ डोळ्यांत पाणी आणून बराच वेळ बोलला. त्यातलं मला काहीच समजलं नाही, पण तू माझ्याकडे बघत होतास, म्हणून मी सांगितलं, तो म्हणतोय याला मारू नका, हा स्वतःच्या घरीच आहे. तू वळलास आणि मोठ्याने म्हणालास, "म्हातारा सांगून रायला का हा आपल्या घरीच होता. आपनच याच्या घरात शिरलो." बाया रडल्या. तुझ्या आईने पदर तोंडाला लावला.

पुढची पस्तीस वर्षं तू त्या एका वाक्यावर उभा होतास. डोह्या वाईट नाही, डोह्या घर राखतो. काही वर्षांपूर्वी तो सिनेमा मला फोनवर सापडला. तो म्हातारा काय म्हणत होता सांगू? तो म्हणत होता, सरोवराचं पाणी काढून टाका म्हणजे याला मारणं सोपं जाईल. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

दुसरा होता खेकड्या. वेगळ्या कंपनीचा, आकाशातून पडलेला, लोखंडी पाठीचा. त्याचे सिनेमे तू पाहायचास ते शिव्या देण्यासाठी. खेकडा म्हणजे तुझा धंद्यातला वैरी. पारेला भोकं पाडणारा, एका चातुर्मासात पाणकराची अब्रू घालवणारा. आणि मग बातमी आली की दोन कंपन्या मिळून दोघांना एकाच सिनेमात आणणार. असं कसं होईल म्हणून लोकांनी तुला विचारलं, तर तू पारेवर बसून समजावलंस, वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की त्यातल्या मासोळ्या खालच्या तलावात येतात, मग दोन्हीकडच्या मासोळ्या एका पाण्यात, तसंच हे. शाळेत मी आजवर एवढ्या सोप्या भाषेत काही समजावलेलं नाही.

तो सिनेमा आपण गोंदियाला जाऊन पाहिला. मी शाळेत सांगितलं, आमगावला नात्यात लग्न ठरलंय, साक्षगंध आहे. दरवेळी काहीतरी असंच सांगायचो. स्टाफरूममध्ये तुझा विषय निघाला की मी हसून म्हणायचो, आमच्या गावात एक येडा आहे, राक्षसांच्या सिनेमांचा. ते हसायचे. त्या येड्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलेला असायचो हे त्यांना कधी कळलं नाही. तुला तरी कळलं होतं का, तारू? मला वाटतं, कळलं असावं. तुला बऱ्याच गोष्टी कळायच्या आणि तू गप्प राहायचास, आणि आज मला नेमका त्याचाच राग आहे.

त्या सिनेमात मारामारी चालू असताना डोह्या धरण फोडतो. भिंत कोसळते, पाणी धबाधबा सुटतं, संगीत वाजतं, लोक शिट्या मारतात. आणि तू उभा राहिलास. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ भैया, बैठो ना." तू वळून म्हणालास, "काऊन बसू? त्या धरनाखाली कोनी रायत नाई का?" मी तुझा सदरा धरून खाली ओढलं. मला लाज वाटली. आता वाटतं की अख्ख्या टॉकीजमध्ये शहाणा माणूस तू एकटाच उभा होतास, आणि मी त्याला खाली बसवत होतो.

परतीच्या बसमध्ये कोहमाऱ्यापर्यंत तू बोलला नाहीस. मग सुरू झालास ते घरापर्यंत. मी मुद्दाम खेकड्याची बाजू घेतली. म्हटलं, तू स्वतःला काय समजतोस, सिनेमा आहे तो, तिथे कुणाला पाटबंधारे खातं चालवायचं नाही. तू म्हणालास, पाण्यातला जीव पाणी सोडून देईल का? खेकडा फोडतो पार. एवढंही ज्याला माहीत नाही त्याने पाण्याचा सिनेमा काढू नये. हा वाद पाच वर्षं चालला. मी एकदाही मान्य केलं नाही. तुझंच बरोबर होतं हे मला त्या बसमध्येच पटलेलं होतं.

आणि तो अर्ज. पुढच्या भागाची घोषणा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू घरी आलास, चहा बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "लिव मास्तर, कंपनीले लिव." तू आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात अर्ज दिलेले, त्यामुळे तुला एकच भाषा येत होती. विषय: डोह्याच्या पुढील सिनेमात धरण न फोडणेबाबत. महोदय, आपल्या मागील सिनेमात चुकीचे दाखविण्यात आले आहे. पारेस भोक पाडणारा प्राणी खेकडा आहे. तरी पुढील सिनेमात खेकड्याने भोक पाडावे व डोह्याने त्या खांडीत स्वतः आडवे पडून पाणी अडवावे. कोणी जिंकण्याची गरज नाही. तसेच धरणाच्या खाली राहणारे लोक एकदा तरी दाखवावे, त्यांची घरे, बैल, चूल पेटलेली असावी. आपला नम्र, पाणकर.

लिहिता लिहिता मला हसू येत होतं आणि मग आलं नाही. कारण खांडीत आडवं पडणारा मी पाहिलेला होता. त्या अतिवृष्टीच्या साली पारेतून पाणी झिरपायला लागलं, माती सुटायला लागली, तेव्हा रेतीची पोती येईपर्यंत त्या भगदाडात पाठ लावून तू बसलास. सकाळी आठपासून दुपारपर्यंत. मी छत्री घेऊन पारेवर उभा होतो. तुला विचारलंही नाही की मी येऊ का.

अर्ज इंग्रजीत करून पाठवतो म्हणालो. इंग्रजीत केला. पाठवला नाही. मला वाटलं, कोण वाचणार, उगाच हसतील. तू मात्र दर महिन्याला विचारायचास, उत्तर आलं का. मी म्हणायचो, मोठी कंपनी आहे, वेळ लागतो. तू म्हणायचास, खात्याचंही तसंच असतं. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे, निबंधाच्या वह्यांखाली.

तुझा फोन बटणांचा. सिनेमाची बातमी तुला माझ्याकडूनच मिळायची. तारीख कधी पुढे गेली, कधी मागे आली, सगळं मी सांगायचो आणि तू ते प्रमाण मानायचास. हे मी आधी लिहितोय, कारण पुढे जे केलं ते याच्याच जोरावर केलं.

या पावसाळ्यात तुला दम लागायला लागला. पार चढताना दोनदा बसायचास. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप गेली म्हणून सांगितलं, ऑपरेशन महिन्याभरात करा, फार लांबवू नका. तू म्हणालास, धानाला शेवटचं पाणी देऊन येतो. आपल्या गावचा रिवाज, टोकाची बांधी आधी भिजवायची, मग मधल्या, आणि पाणकराची सगळ्यांत शेवटी. तुला घाई करायला सांगितली तर तू मधल्या लोकांची नावं मोजून दाखवायचास. दुसऱ्या कुणी पाणी सोडायची तुडूम उघडली तर चालणार नाही, ती मोरी जुनी आहे, तिची चावी फिरवायची एक पद्धत आहे. महिन्यातले बावीस दिवस असेच गेले. शेवटी तुझी स्वतःची बांधी भिजली. त्या दुपारी मी पारेवर आलो. म्हटलं, झालं ना आता, चल. आणि तू म्हणालास, "पिक्चर लागू दे, मंग जाऊ. डोह्याचं काय झालं हे समजल्याबिगर मी नाई मरत."

हसत म्हणालास. मला हसू आलं नाही. सिनेमा पुढच्याच शुक्रवारी गोंदियाला लागणार होता, ती बातमी माझ्या खिशातल्या फोनमध्ये होती. मला वाटलं, हा सिनेमा पाहील, मग कापणी म्हणेल, मग मंडई म्हणेल, मग पोरीच्या सासरचं काही काढेल. तू स्वतःला कायमच शेवटी ठेवणार, आणि शेवट काही येणार नाही. म्हणून मी म्हणालो, अरे, सांगायचं राहिलं, तारीख पुढे गेली. पुढच्या साली लागणार आहे.

तू तुडूमच्या दगडावर बसलास. "अजून एक साल?" म्हणालास. मी हो म्हटलं. तू म्हणालास, मग ऑपरेशन करूनच घ्यावं लागेल.

गुरुवारी तू भरती झालास. शुक्रवारी सिनेमा लागला. शनिवारी ऑपरेशन. तू शुद्धीवर आलाच नाहीस, आणि सोमवारी सगळं संपलं. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांनी जोखीम आधीच सांगितली होती. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीखही दिली असती. चार दिवसांनी काही बिघडणार नव्हतं. मी विचारलं नाही. मला तुझ्यावर भरवसा नव्हता. पस्तीस वर्षं तू माझ्या शब्दावर चाललास आणि मी तुला चार दिवस दिले नाहीत.

तेरवीनंतर मी तो सिनेमा पाहून आलो. या वेळी शाळेत खरं कारण सांगून गेलो. कुणी हसलं नाही, मीही नाही. दुपारच्या खेळाला मोजकी माणसं होती. आता ऐक. रद्दी आहे. पहिल्या वीस मिनिटांत धरण फुटतं, पुन्हा डोह्याच फोडतो. खेकड्याला पंख दिले आहेत, खेकड्याला, तारू. धरणाखाली एक माणूस दाखवलेला नाही, एक चूल नाही. शेवटी दोघं तिसऱ्याच कुणाला तरी मारतात आणि सूर्य उगवतो. मी संतापून बाहेर आलो आणि टॉकीजच्या पायरीवर बसलो. हा सिनेमा चांगला असता तर मी म्हणालो असतो, एक चांगली गोष्ट तुझी हुकली. हा असला आहे. तू उभा राहून शिव्या दिल्या असत्यास, परतीच्या बसमध्ये घसा बसेपर्यंत बोलला असतास, पुढची पाच वर्षं या एका पंखावरून माझं डोकं खाल्लं असतंस. ते मी हिरावून घेतलं. सिनेमा गेला खड्ड्यात.

मग मी तुझ्या घरी गेलो. कुसुम वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोललो. म्हटलं, वहिनी, तारीख पुढे गेली नव्हती. मी खोटं बोललो. तो शुक्रवारीच लागणार होता.

त्यांचा हात थांबला नाही. खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मले मालूम आहे, भाऊजी. त्यायलेबी मालूम होतं."

त्यांनी सांगितलं ते असं. भरती व्हायच्या आधी आपण रक्ताच्या तपासणीसाठी गोंदियाला गेलो होतो. मी रिपोर्ट आणायला आत गेलो, तू समोरच्या चहाटपरीवर थांबलास. टपरीच्या मागच्या भिंतीवर पोस्टर होतं, डोह्या आणि खेकड्या समोरासमोर, आणि खाली हिंदीत, शुक्रवारपासून. घरी आल्यावर तू वहिनींना सांगितलंस. वहिनी चिडल्या. म्हणाल्या, मग जाऊन पाहून घ्या, मास्तरला मी बोलते. तू नको म्हणालास. का, तर, "मास्तर लय भेला आहे. तो कधी भेत नाई. भेला म्हनून खोटं बोलून रायला. जाऊ दे, करून घेतो."

म्हणजे तू नागपूरला गेलास तो माझ्या खोट्याला फसून नाही. महिनाभर मी रात्रंदिवस एका गोष्टीसाठी स्वतःला मारतोय आणि ती गोष्ट तशी घडलीच नव्हती. तू माझी भीती बघितलीस आणि तिला बरं वाटावं म्हणून त्या टेबलावर जाऊन झोपलास. कायले? कोणी सांगितलं होतं तुला? तू मला शिवी द्यायची होतीस. टपरीवरूनच ओरडायचं होतंस, की मास्तर, हे काय आहे भिंतीवर. आपण तिथेच भांडलो असतो, शुक्रवारी सिनेमा पाहिला असता, सोमवारी नागपूरला गेलो असतो. कदाचित तरीही तू गेला असतास. पण मी खोटारडा म्हणून तुझ्यासमोर उघडा पडलो असतो, आणि ते मला चाललं असतं. आज म्हणतोय, चाललं असतं. त्या दिवशी चाललं असतं का, खरं सांगता येत नाही.

पण टपरीवर नाही ओरडलास तरी तू एकदा विचारलं होतंस. हे वहिनींना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि हा कागद मी एवढ्यासाठीच लिहायला घेतला.

शनिवारी सकाळी तुला आत नेत होते. हिरवा अंगरखा घातलेला, पाय उघडे, नखांत बांधीतला चिखल अजून होता. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. स्ट्रेचर दाराशी थांबलं आणि तू माझं मनगट धरलंस.

"मास्तर, पुढच्याच साली ना? नक्की?"

मला वाटलं, तू धीर मागतोयस. मी आता रोज तो चेहरा आठवतो. तू धीर मागत नव्हतास. तुला पोस्टर माहीत होतं, शुक्रवार कालच होऊन गेला हे माहीत होतं. तू मला जागा करून देत होतास. मी तेव्हा म्हणालो असतो, नाही रे, काल लागला, मी खोटं बोललो, तर तू हसून दोन शिव्या दिल्या असत्यास आणि आत गेला असतास. आपल्या दोघांत तेवढं एक तरी खरं बोलणं झालं असतं.

मी म्हणालो, "नक्की."

तू मान हलवलीस. मनगट सोडलंस. चष्मा काढून माझ्या हातात दिलास आणि डोळे मिटून घेतलेस. तो चष्मा माझ्याकडेच आहे. वहिनींनी दोनदा विचारलं, कुठे पडला असेल हो, आणि मी गप्प राहिलो, कारण तो देताना विचारतील, शेवटी काय बोलले.

उद्या रविवार आहे. सकाळी येतो. आधी हे सगळं त्यांना वाचून दाखवीन, मग चष्मा देईन. त्यांना जे म्हणायचं असेल ते त्या म्हणतील. तू मध्ये माझी बाजू घेऊ नकोस.